शब्दांचं जाळं बघून लेकीच्या डोक्यात इंग्रजी शब्द राहतील का?

वखारभाग

नमस्कार मंडळी. मी सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशोब लिहिते. दिवसभर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, करायच्या, तोलाई-हमाली वजा करायची, संध्याकाळी सातला घर. लेक नववीत आहे, सेमी इंग्रजी. गणित-विज्ञानाची काळजी नाही, पण इंग्रजीत चार ओळी लिहायला सांगितल्या की सगळं जग 'व्हेरी नाइस' होतं. परवा पावसाळ्यावर निबंध होता. बाईसाहेबांनी लिहिलं, 'देअर वॉज अ व्हेरी नाइस रेन'. दोन वर्षांपूर्वी आमच्या दारात पाणी आलं होतं तोच हा पाऊस. म्हटलं, आता काहीतरी केलं पाहिजे.

क्लासमधून समानार्थी शब्दांची यादी मिळाली होती, एका पानावर पन्नास. ती तिनं पाठ केली आणि शनिवारी म्हणून दाखवली. सोमवारी त्यातले सहा उरले. मग एक ॲप घेतलं, वर्षाचे पैसे आगाऊ. चित्रावर बोट ठेवलं की टाळ्या वाजतात. चित्रं कसली, तर सफरचंद, छत्री, ससा. नववीतल्या पोरीला छत्री! पैसे परत मागितले त्याला आता तीन महिने झाले. जाऊ दे.

दिवाळीत भाचा आला होता, त्यानं व्हिज्युवर्ड्स म्हणून एक संकेतस्थळ दाखवलं, फुकट आहे. शब्द टाकला की मधे एक गोळा येतो आणि त्याच्याभोवती रेघांनी बांधलेले दुसरे गोळे. सगळं हलत असतं. एक गोळा धरून ओढला की बाकीचं जाळं मागनं येतं, भिजलेलं लुगडं टोकाला धरून ओढावं तसं. गोळ्यावर माउस नेला की अर्थ दिसतो, दोनदा टिचकी मारली की त्यालाही फांद्या फुटतात. पहिल्या रात्री मी हौसेनं 'टर्मरिक' टाकलं, तर शेजारी 'कुर्कुमा लाँगा'. एका औषधवाल्याच्या मागणीपत्रावर हे नाव मी तीन वर्षं बघत होते आणि मला वाटायचं तो हळदीचा काही वेगळा माल मागतोय!

लेक तर त्यात रमूनच गेली. आठ दिवस रोज अर्धा तास. नवव्या दिवशी मी विचारलं, 'रिलक्टंट' म्हणजे काय गं? तिनं डोळे मिटले आणि सांगितलं, "तो डाव्या हाताला वर होता, 'अनविलिंग'च्या बाजूला." आणि अर्थ? "घाबरलेला... नाही, हळू... नाही, राग आलेला?" गोळा कुठं होता ते आठवतंय, शब्द काय म्हणतो ते नाही.

तर मला विचारायचंय की हे शिकणं आहे की नुसतं खेळणं? खेळणं असेल तर तेही सांगा, वाईट वाटणार नाही. दुसरं, असं जाळं मराठीत कुठं आहे का? मी गंमत म्हणून 'पेव', म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, टाकून बघितलं, काहीच आलं नाही. इंग्रजी संकेतस्थळावर कुठून येणार म्हणा.

राजवाडा चौपाटी

पेपर वाचायला लावा. रोज एक इंग्रजी अग्रलेख. आमच्या अभ्यासिकेत सगळे तेच करतात. बाकी सगळा टाइमपास.

वखारभाग

नववीच्या पोरीला अग्रलेख? मला मराठीतला झेपत नाही हो.

कोरेगावचा मास्तर

ताई, मी सातारा जिल्ह्यात चोवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. तुमच्या लेकीचं काही चुकलेलं नाही. तिच्यापुढं एकाच वेळी एकसारख्या तोंडाची चार माणसं उभी केली आणि नावं विचारली. जुळ्यांच्या लग्नात पाहुण्यांचं होतं तेच तिचं झालं.

यावर बरंच काम झालंय. टिंकम नावाच्या संशोधकानं १९९३ मध्ये तपासून दाखवलं की अर्थानं एका गटातले नवे शब्द एकत्र दिले, तर ते शिकायला एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त फेऱ्या लागतात. पुढं १९९७ मध्ये वेअरिंग यानं जपानी लोकांवर तोच प्रयोग केला आणि निकाल त्याच बाजूचा आला. त्यांनी बनावट शब्द वापरले होते, वर्गातली खरी भाषा नव्हे, त्यामुळं मी त्याला ब्रह्मवाक्य मानत नाही. पण माझ्या फळ्यासमोर मी हे दर वर्षी बघतो.

'बॉरो' आणि 'लेंड' घ्या. मी आधी दोन्ही एकाच तासाला शिकवायचो. विरुद्धार्थी जोडी, किती सोयीची! परिणाम काय, तर दहावीच्या सराव परीक्षेत अर्धा वर्ग 'प्लीज बॉरो मी युवर पेन' लिहून मोकळा. आपल्याकडं 'उसनं' एकच, घेतलं तरी उसनं आणि दिलं तरी उसनं. पोरांच्या डोक्यात मुळात खुंटी एक, आणि मी तिच्यावर एकाच दिवशी दोन टोप्या टांगायचो. आता जूनमध्ये फक्त 'बॉरो'. महिनाभर प्रत्येक पोरगं रोज एक वस्तू उसनी मागतं, इंग्रजीत. खडू माग, पट्टी माग, एकानं माझी स्कूटर मागितली. 'बॉरो' अंगवळणी पडल्यावर गणपतीनंतर 'लेंड'. चुका संपल्या असं म्हणणार नाही, पण निम्म्यावर आल्या.

टिंकमच्याच पुढच्या कामात एक दुसरी गोष्ट निघाली. एका प्रसंगातले शब्द एकत्र दिले तर ते लवकर बसतात. म्हणजे बेडूक, तळं, उडी, हिरवा, बुळबुळीत, असे. हे एकमेकांच्या जागेवर बसू शकत नाहीत, म्हणून एकमेकांना ढकलत नाहीत. तुमचं जाळं बेडकाच्या शेजारी काय दाखवतं? भेक, उभयचर, आणखी चार जातींचे बेडूक. तळं दाखवतच नाही! कोशाच्या दृष्टीनं बेडूक आणि तळं यांचं नातं नाही. पोराच्या दृष्टीनं तेवढं एकच नातं आहे.

तेव्हा जाळं फेकू नका, पण त्यातून दिवसाला एकच गोळा उचला. शेजारचे नुसते बघून ठेवायचे.

पलूसचा, सध्या हिंजवडी

मास्तरांनी सांगितलं ते बरोबर, पण त्या जाळ्याचं पोट उघडून दाखवतो. मी याच प्रकारच्या माहितीवर काम करतो, म्हणून थोडी बडबड सहन करा.

व्हिज्युवर्ड्सच्या खाली वर्डनेट नावाचा साठा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं तो १९८५ मध्ये सुरू केला. माणसाच्या डोक्यात शब्द कसे रचलेले असतात, हे त्याला तपासायचं होतं. शाळेतल्या पोरांचा विचार त्यात नव्हताच. पुढं तो संगणकवाल्यांनी उचलला. त्यात एका अर्थाचे शब्द एका मोळीत बांधलेले आहेत, अशा सुमारे १ लाख १७ हजार मोळ्या. आणि मोळ्यांमध्ये ठरावीक नाती: हा त्याचा प्रकार आहे, हा त्याचा भाग आहे, हा त्याच्या उलट आहे. म्हणूनच तुम्हाला हळदीशेजारी लॅटिन नाव दिसलं. साठ्यासाठी 'टर्मरिक' आणि 'कुर्कुमा लाँगा' एकाच मोळीतले, लेकीला त्यातला कुठला उपयोगाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गडबड इथं होते. पडद्यावर ही सगळी नाती एकाच वेळी दिसतात. रेघांचे रंग वेगळे असतात, पण नववीतलं कोण सूची वाचतंय? तिला सगळेच गोळे 'शेजारी' वाटतात. तेव्हा एका बैठकीत एकच नातं पकडा. तुमचा 'व्हेरी नाइस रेन' घेऊ. 'रेन' टाका आणि फक्त 'याचे प्रकार' बघा. ड्रिझल, शॉवर, डाउनपोर, क्लाउडबर्स्ट. आता तिला हे इंग्रजीत पाठ करायला लावू नका. आधी मराठीत विचारा, पाऊस किती तऱ्हेनं पडतो? भुरभुर, रिमझिम, सर, मुसळधार, झड, वळीव. मग जोड्या लावू दे. भुरभुर आणि ड्रिझल जमतं. सर आणि शॉवर जमतं. वळीव कुठं जाणार? जात नाही. एप्रिल-मेमधला, विजा घेऊन येणारा, रॅकवरच्या बेदाण्याची वाट लावणारा पाऊस इंग्रजीत एका शब्दात मिळत नाही. हे 'जात नाही' लक्षात आलं ना, की बाकीचे चार पक्के बसतात. असा माझा अनुभव आहे, यावर प्रयोग कुणी केलाय का मला विचारू नका.

मराठीसाठी: आयआयटी मुंबईनं 'मराठी शब्दबंध' केलाय, म्हणजे मराठीचं वर्डनेट. हिंदीचं आधी झालं आणि त्याच्या मोळ्या समोर ठेवून मराठीचं बांधलं. त्यामुळं जे शब्द हिंदीत आहेत त्यांची सोय चांगली, आणि आपल्या कृष्णाकाठच्या खास शब्दांसाठी जपून जायचं. तिथं नाचणारे गोळे नाहीत, साधा मजकूर आहे. 'पेव'सारख्या शब्दाला त्यापेक्षा मोल्सवर्थचा कोश बरा. दुसरी आवृत्ती १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. दाते-कर्व्यांचा शब्दकोशही तिथंच आहे.

आणि एक. कागदावर स्वतः जाळं काढणार असाल तर रेघेवर काहीतरी लिहायचंच. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी सत्तरच्या दशकात संकल्पना-नकाशा म्हणून जी पद्धत काढली तिचा जीव यातच आहे. दोन शब्द, मधे रेघ, रेघेवर क्रियापद, की वाक्य तयार. कोरी रेघ म्हणजे 'यांचं काहीतरी आहे म्हणे' अशी गल्लीतली कुजबुज. सीमॅपटूल्स नावाचं फुकट साधन आहे त्यासाठी, पण मी म्हणेन कागदच घ्या.

मेणवलीकर

मास्तर, एक शंका. सारख्या अर्थाचे शब्द एकत्र शिकू नयेत म्हणता. मग आमच्या वाईत पिढ्यान्‌पिढ्या पोरं अमरकोश पाठ करत आली, त्यांचं काय? तो तर अकारविल्हे नाहीच, वर्गांनी लावलेला आहे. स्वर्गाचा वर्ग, पाताळाचा वर्ग, वनौषधींचा वर्ग. एका पाण्याला किती नावं! वारि, सलिल, पय, जीवन, आणि 'वन' सुद्धा. माझ्या आजोबांना ते ऐंशीव्या वर्षीही घडाघडा येत होतं. तुमचे टिंकम परवाचे.

कोरेगावचा मास्तर

काका, शंका रास्त आहे. दोन दिवस डोक्यात होती.

मला वाटतं फरक दोन ठिकाणी आहे. एक, ते वृत्तात बांधलेलं आहे. 'सलिल' विसरलं तर ओळच लंगडते, जीभ आपोआप अडते. तुमच्या-आमच्या यादीत एक शब्द गळला तरी कुणाला कळत नाही. दुसरं, सगळी नावं एका अर्थाकडंच जातात, कुठलंही म्हटलं तरी पाणीच. 'बॉरो' आणि 'लेंड'मध्ये एकाच्या जागी दुसरा आला की पैसे देणारा घेणारा होतो.

आणि खरं सांगायचं तर आजोबांना ते येत होतं, पण ज्यांना छडी खाऊनही आलं नाही त्यांची गणती कुणी ठेवली?

मेणवलीकर

छडीचं मान्य. आजोबांच्या धाकट्या भावाला 'स्वर्गवर्गा'च्या पुढं काही आलं नाही, शेवटी त्यांनी मसाल्याचं दुकान घातलं. चांगलं चाललं.

तरफ

मिरजेहून. आमचं घर सतारी करणाऱ्यांचं. मी शाळा फार केली नाही, पण 'याचा भाग' या नात्यावर माझा हक्क आहे म्हणून लिहितो.

सन २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गल्लीत बाहेरचे लोक जास्त येतात आणि इंग्रजीत विचारतात. माझा पुतण्या अडखळायचा. मी त्याला कोश दिला नाही. एक मोडकी सतार दिली, खडू दिला, आणि म्हटलं प्रत्येक भागावर नाव लिही. भोपळा, तबली, दांडी, पडदे, खुंट्या, घोडी, तरफा. खाली इंग्रजी. पडदा म्हणजे फ्रेट, खुंटी म्हणजे पेग. घोडी म्हणजे ब्रिज. इथं तो हसायला लागला, म्हणाला, "काका, आयर्विन पुलाला पण ब्रिजच म्हणतात की." मग त्यानं फोनवर तुम्ही म्हणता तसलं जाळं उघडलं. नाकाचा ब्रिज, दातांचा ब्रिज, पत्त्यांचा डाव ब्रिज, जहाजावर कप्तान उभा राहतो तो ब्रिज, आणि तारांखालचा ब्रिज.

मला यात गंमत वाटली ती अशी. तारा त्या हाडाच्या तुकड्यावरनं जातात, हे दोघांनीही पाहिलं. साहेबाला तो पूल दिसला, आपल्या माणसाला घोडी दिसली. आपली तार स्वार आहे, त्यांची वाटसरू.

'जवारी'ला मात्र शब्द नाही. घोडीची वरची पाठ घासून घासून अशी काढतात की तार तिला टेकत-सुटत वाजते आणि आवाजाला ती गुंजन येते. इंग्रजीत पण जवारीच म्हणतात, पुतण्यानं तपासलं. पोरगं आता गिऱ्हाइकाला दहा मिनिटं ते एकच समजावतो. बाकी इंग्रजी जेमतेम, पण जवारीवर आला की थांबत नाही.

वखारभाग

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. सीझन सुरू झाला, सौदे रोज, नवीन माल यायला लागलाय, त्यामुळं उशीर झाला.

लॅपटॉप आता आठवड्यातनं दोनदाच. बाकी दिवस जुन्या पट्ट्यांची कोरी बाजू आणि पेन्सिल. पहिला शब्द लेकीनं निवडला नाही, मी निवडला. पेव. कारण तो मला येतो आणि तिला येत नाही.

तिनं हरिपूर बघितलंय ते संगमेश्वराच्या देवळासाठी आणि नदीच्या वाटेवरच्या भेळीसाठी. तिथल्या जमिनीत हळदीची पेवं असायची हे तिला माहीतच नव्हतं. माझे वडील तोलाईवर होते, त्यांनी ती भरताना-काढताना बघितलेली. तोंड लहान, आत पोट मोठं, घागरीसारखं. माती अशी की पाणी झिरपत नाही, हळद वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली. वडील सांगायचे, आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणूस जायचा नाही. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी गेली.

हे सगळं ऐकून तिनं मधे 'पिट' लिहिलं आणि रेघा काढल्या. पलूसकरांनी सांगितल्याप्रमाणं प्रत्येक रेघेवर क्रियापद. फार्मर्स 'डग' द पिट. दे 'सील्ड' इट विथ मड. द लँटर्न 'वेंट आउट'. द फ्लड 'रुइन्ड' इट. 'सील' हा शब्द तिला फक्त मासे खाणारा प्राणी म्हणून माहीत होता. सगळे मिळून अकरा शब्द झाले. परवा, म्हणजे दहा दिवसांनी, पट्टी न दाखवता विचारलं. नऊ आले. 'डॅम्प' आणि 'डीप' यांची अदलाबदल झाली. ते दोन्ही मीच एका दिवशी दिले होते, मास्तरांची आठवण झाली.

आता जाळ्याची बाजू पण सांगते, नाहीतर अन्याय होईल. माझी आई कॉटवरनं ऐकत होती. ती म्हणाली, "पेव फुटणं पण सांग की तिला. आजकाल क्लासचं नुसतं पेव फुटलंय." लेकीनं विचारलं, याला इंग्रजीत काय? मला येईना. आई म्हणाली भसाभसा वाढणं. तिनं व्हिज्युवर्ड्स उघडलं, 'ग्रो' टाकलं, फांद्या उघडत गेली, आणि एकदम ओरडली, "आई, मशरूम!" मला वाटलं भूक लागली. पण खरंच होतं, 'मशरूम' क्रियापद पण असतं, झपाट्यानं वाढणं, पसरणं. पावसात अळंबी रातोरात उगवते ना, तसं. 'कोचिंग क्लासेस हॅव मशरूम्ड इन सांगली.' हे वाक्य तिनं स्वतः केलं आणि क्लासच्या वहीत लिहिलं. सरांनी खाली बरोबरची खूण केली आणि काही बोलले नाहीत म्हणे.

कागदानं हे दिलं नसतं, कारण मला ठाऊकच नव्हतं. आणि मधे पेव नसतं तर तो मशरूमही बाकीच्या गोळ्यांसारखा तरंगत निघून गेला असता. मोल्सवर्थमध्ये पेव सापडलं, पलूसकर, आभार. लेक आता तिथं आजीचे शब्द घालून बघते आणि सापडला नाही की आजीला सांगते, "हा तुझ्या घरचाच दिसतोय."

निबंधाचं म्हणाल तर घटक चाचणीत पुन्हा पाऊसच आला. 'व्हेरी नाइस' एकदाच आहे, शेवटच्या ओळीत. मी विचारलं, तर म्हणाली तो मुद्दाम ठेवलाय, त्या दिवशी सुट्टी मिळाली होती.

तरफदादा, रविवारी हिला घेऊन मिरजेला येऊ का? जवारीला शब्द नाही हे सांगितलं तर ती ऐकायला तयार नाही. म्हणते, आधी वाजवून बघते, मग शोधते.

तरफ

या की. चारनंतर या. सकाळी घासकाम असतं, धूळ फार उडते.